भिंतीतला पाइप चष्म्यात का दिसत नाही?

आमच्याकडे व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेटचा चष्मा चढवून, थ्रीडी मॉडेलमधलं घर किंवा कारखान्याचा शेड आत उभं राहिल्यासारखा बघायला आलेले बरेच जण हेडसेट उतरवता उतरवता विचारतात, "भिंतीच्या आतलं काहीच कसं दिसत नाही? फोनवर बोलताना तर सगळं दिसेल म्हणाला होतात." म्हणालो होतो, आणि दिसतंही. पण ते मुळात फाइलमध्ये असावं लागतं.

होतं असं, की ड्रॉइंग करताना स्क्रीनवर गर्दी नको म्हणून प्लंबिंग, इलेक्ट्रिकल बंद ठेवलेलं असतं. त्याला हरकत नाही. घोळ होतो एक्स्पोर्टच्या, म्हणजे आम्हाला द्यायची फाइल काढायच्या वेळी. रेव्हिट या इमारतीचं ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरमधून एफबीएक्स ही थ्रीडी फाइल काढली की त्या थ्रीडी व्ह्यूमध्ये जे दिसतंय तेवढंच फाइलमध्ये उतरतं. आयएफसी, म्हणजे इमारतीतल्या वस्तू माहितीसकट देणारी फाइल, काढतानाही 'फक्त व्ह्यूमध्ये दिसणारे घटक' या पर्यायावर टिक राहिली की तीच गत. मग आम्ही इथे भिंत पारदर्शक करतो आणि आत बघावं तर रिकामं!

दुसरं, ओबीजे आणि एसटीएल या नुसत्या आकाराच्या फाइली पाठवू नका. त्यात पाइप म्हणजे नुसती नळी. व्यास किती, पाणी गरम की गार, काही कळत नाही. आयएफसीत प्रत्येक वस्तूला २२ अक्षरांची स्वतःची ओळख असते आणि माहिती तिला जोडलेली असते. कंट्रोलरचा किरण पाइपवर टेकवून ट्रिगर दाबला की त्या ओळखीवरून माहितीची पाटी उघडते. गंगापूर रोडच्या एका बंगल्यात काकूंनी देवघर ठरलं होतं त्या भिंतीवर ट्रिगर दाबला, तर पाटी आली: '२० मिमी सीपीव्हीसी, गरम पाणी'. देवघर तिथल्या तिथे हातभर सरकलं. ड्रिल मारल्यावर कळलं असतं तर नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या.

तेव्हा सगळं चालू करून मूळ फाइल आणि आयएफसी, दोन्ही भेटीच्या दोन दिवस आधी द्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवरून हे होत नाही.

दोन दिवस कशाला, असं काहींना वाटतं. हेडसेटमध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं लागतात, आणि आम्ही ती सेकंदाला निदान ७२ वेळा बदलली जातील असं बघतो. जड मॉडेल तसंच चढवलं तर मान आधी वळते, चित्र मागून येतं आणि सापुताऱ्याच्या घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं मळमळतं. म्हणून माहितीला धक्का न लावता मॉडेल हलकं करावं लागतं. अर्धवट फाइल आली की ते सगळं पहिल्यापासून, म्हणून दुसऱ्या फेरीचे पैसे लावतो. आणि राहिलेला पाइप "अंदाजाने टाकून द्या" म्हणालात तर टाकणार नाही. उद्या त्याच्यावर विसंबून कोणीतरी भिंतीत ड्रिल घालेल.

काम चालू असेल तर प्लास्टरच्या आधी बोलवा. भिंतीतल्या खाचा उघड्या असतानाच मापं आणि फोटो घेऊन प्रत्यक्ष टाकलेली लाइन मॉडेलमध्ये भरून देतो. अंबड-सातपूरच्या शेडमधल्या हवेच्या आणि केबलच्या लाइनींचंही हे काम करतो. दर वेगळा आहे, विचारून घ्या. फाइलमध्ये सगळं आलंय का, हे मात्र भेट ठरवण्याआधी फुकट तपासून देतो.