‘इरप्शन’ बसवायचं म्हणजे: वेगवान गिटार सोलोची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक गिटार शिकणारा माणूस कधी ना कधी ‘इरप्शन’च्या वाटेला जातोच. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन हेलन बँडच्या पहिल्या अल्बमवरचा हा तुकडा. फेब्रुवारी १९७८ मध्ये तो बाहेर आला. लांबी १ मिनिट ४२ सेकंद, गाणारा कुणी नाही, जवळजवळ सगळा कारभार एकट्या गिटारचा. तो अल्बमवर घ्यायचं आधी ठरलंही नव्हतं. हॉलिवूडच्या सनसेट साउंड स्टुडिओत बँडचा गिटारवादक एडी व्हॅन हेलन पुढच्या कार्यक्रमासाठी हात मोकळा करत होता. निर्माते टेड टेम्पलमन यांनी ते ऐकलं आणि ध्वनिमुद्रित करायला लावलं.

ऐकणाऱ्यांची खरी पंचाईत शेवटच्या भागात झाली. स्वर तीन-तीनच्या गटांत पाझरल्यासारखे येतात, मध्ये लांब उड्या असतात, आणि पिकचा, म्हणजे तार छेडायच्या चकतीचा, आघात कुठेच ऐकू येत नाही. आज याला टॅपिंग म्हणतात. डाव्या हाताची बोटं फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांपाशी, ठेवायची, उजव्या हाताचं बोट त्याच तारेवर वरच्या फ्रेटवर आपटायचं आणि तार किंचित ओढून सोडायची. सांगायला एवढंच आहे.

ही युक्ती एडीची नव्हे. गिटारवादक जिमी वेब्स्टर १९५० च्या दशकातच दोन्ही हातांनी फ्रेटबोर्डवर वाजवत होते आणि त्यावर त्यांनी पुस्तिकाही लिहिली होती. जेनेसिस बँडच्या स्टीव्ह हॅकेटने १९७१ च्या अल्बमवर टॅपिंग वापरलं होतं. एडी स्वतः श्रेय द्यायचा ते लेड झेपलिन बँडच्या गिटारवादक जिमी पेजला: पेज मोकळ्या तारेवर एका हाताने हॅमर-ऑन (बोट आपटून स्वर काढणं), पुल-ऑफ (बोट ओढून सोडत स्वर काढणं) करताना दिसला, तेव्हा उजव्या हाताचं बोट वापरलं तर हेच कुठेही सरकवता येईल, हे त्याला सुचलं. पण आधीच्यांच्या हातात जे चमत्कारासारखं दिसत होतं, त्याला सलग, सुरेल वाक्याचं रूप त्याने दिलं. लहानपणी घेतलेलं पियानोचं शिक्षण इथे उपयोगी पडलं असावं, असं मला वाटतं. व्हायोलिनवादक-संगीतकार क्रॉयट्झरच्या व्हायोलिन अभ्यासातली एक ओळही त्याने या तुकड्यात बेमालूम पेरली आहे.

अँपचा, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा, वाटाही मोठा. नुसत्या बोटाच्या आपटण्याने निघणारा स्वर क्षीण असतो. जोरात चढवलेल्या, फाटलेल्या आवाजाच्या मार्शल अँपमध्येच तो पिकने छेडल्याइतका ठसठशीत होतो. म्हणून साध्या गिटारवर हे बसवू पाहणारा नाउमेद होतो. शिवाय एडीची गिटार अर्ध्या स्वराने उतरवलेली. प्रमाण ट्यूनिंगमध्ये रेकॉर्डबरोबर वाजवू जाल तर एकही स्वर जुळणार नाही. त्यात एडी व्होल्टेज चढवून अँप चालवतो असं सांगायचा. प्रत्यक्षात तो व्हेरिअ‍ॅक हे व्होल्टेज कमी-जास्त करणारं उपकरण लावून ते उतरवत असे.

मग त्या काळी सोलो बसवायचा कसा? रेकॉर्डवर सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवून. काही प्लेयरवर मिनिटाला १६⅔ फेऱ्यांचा वेग असे; ३३⅓ ची तबकडी त्यावर लावली की वेग निम्मा आणि सूर बरोबर एक सप्तक खाली. स्वर कळत, पण कोणत्या हाताने काढले ते कळत नसे, आणि इथे सगळं गुपित हातातच होतं. बँड फक्त क्लबांत वाजवायचा त्या काळात एडी टॅपिंगच्या वेळी प्रेक्षकांकडे पाठ करायचा, असं सांगितलं जातं. पुढे त्यानेच टॅपिंगसाठी गिटार आडवी धरून ठेवणाऱ्या आधाराचं पेटंट घेतलं. ते १९८७ मध्ये मंजूर झालं. लपवाछपवी तोवर निरर्थक झाली होती, कारण गल्लोगल्ली पोरं टॅपिंग करत होती.

मधल्या काळात कागदाने मोठी कामगिरी केली. गिटार मासिकांत सोलोंचे टॅब छापून येऊ लागले: सहा रेघा म्हणजे सहा तारा, आकडा म्हणजे फ्रेट. पाश्चात्त्य नोटेशन न येणाऱ्यालाही स्वराची नेमकी जागा मिळाली. गिटारवादक स्टीव्ह वाय तर संगीतकार-गिटारवादक फ्रँक झप्पाच्या अवघड सोलोंचं नोटेशन लिहून देत देतच त्याच्या बँडपर्यंत पोहोचला. माझ्या मते कान तयार करायला लिहून काढण्यासारखा दुसरा रियाझ नाही. टॅबने ती मेहनत वाचवली, आणि तिथेच थोडा तोटाही झाला. आकडे पाठ, पण दोन स्वरांमधली लय ढिसाळ, असे वाजवणारे आजही भरपूर भेटतात.

त्यानंतर शिकवणीच्या व्हिडिओ कॅसेट आल्या, आणि मग सूर न उतरवता वेग कमी करणारी सॉफ्टवेअर. १६⅔ च्या प्लेयरची गरज उरली नाही. उजव्या हाताचा प्रश्न मात्र पिकने वाजवायच्या सोलोंत तसाच राहिला. स्वीडिश गिटारवादक इंग्वे माल्मस्टीनच्या १९८४ च्या पहिल्या एकल अल्बमवरचे वेगवान तुकडे घ्या: तार बदलताना पिक तारांमध्ये अडकू कसं देत नाही, हे त्या वेगात डोळ्यांना दिसतच नाही. अमेरिकन गिटारवादक ट्रॉय ग्रेडी यांनी गिटारवरच कॅमेरा बसवून हे संथ गतीत चित्रित केलं, तेव्हा दिसलं की तार बदलण्याआधीचा शेवटचा आघात पिक तारांच्या वर निघेल अशा तिरकस दिशेने पडतो.