पांढऱ्या पाण्याचा छडा

"कंबर धरलीय, पिंढऱ्या वळतात, हातापायांत जीव नाही... आणि अंगावरून जातं." दवाखान्यात बाई हे वाक्य बहुधा याच क्रमाने बोलते. कंबर नेहमीच्या आवाजात, पिंढऱ्या जरा हळू, आणि शेवटचे शब्द दाराकडे बघत. काय जातं ते ती सांगत नाही. 'पांढरं' हा शब्द समोरच्याने ओळखून घ्यायचा असतो.

पुढचं दोन मिनिटांत उरकतं. एका दवाखान्यात अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळतात, सोबत बुरशीवरची एक. दुसरीकडे चूर्ण मिळतं, तांदळाच्या धुवणातून घ्यायचं. घरी सासूबाई किंवा मावशी सांगते की उष्णता झालीय, वांगं-लसूण बंद कर. तिघांचे सल्ले अगदी वेगळे, पण तिघांत एक गोष्ट सारखी असते. कोणी तपासलेलं नसतं.

हे न तपासणं किती जुनं आणि किती पसरलेलं आहे ते गडचिरोली जिल्ह्यात मोजलं गेलं. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, आतून तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होतं, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार निघाले. आणि याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारी कागदांवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य बाळंतपणात सुरू व्हायचं आणि नसबंदीत संपायचं. बाकीच्या वर्षांचा हिशेब कोणाकडे नव्हता.

हा ९२ चा आकडा वाचून मात्र एक उलटा गैरसमज होतो की अंगावरून जातं म्हणजे आजारच. तसं नाही. डोळ्यांत जसं पाणी, तोंडात जशी लाळ, तसा योनिमार्गात स्राव असायचाच. त्याची घडण मोठी सुरेख आहे. वयात आल्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीचं अस्तर जाड होतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साठवणीची साखर भरते. त्या पेशी झडतात, साखर सुटी होते, आणि तिच्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू जगतात. ते साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्याला आंबवणारं तेच आम्ल. परिणामी तिथला पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ३.८ ते ४.५ च्या आसपास राहतो, साधारण टोमॅटोच्या रसाइतका आंबट. बहुतेक रोगजंतूंना हा आंबटपणा मानवत नाही. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ साली या जिवाणूंचं वर्णन केलं, त्यामुळे कितीतरी वर्षं त्यांना डोडरलाइनचे जिवाणूच म्हणत. घरात पाहुण्यांनी येऊन राहावं आणि राखण करावी, असा हा प्रकार आहे.

स्राव महिनाभर सारखा नसतो. पाळी झाल्यावर कमी, मग वाढत जातो आणि बीज सुटायच्या सुमारास कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, ताणला तर तार धरणारा होतो. शुक्राणूंना वाट सोपी व्हावी म्हणून गर्भाशयाच्या मुखाने केलेली ती सोय असते. नंतर तो पुन्हा घट्ट होतो. गरोदरपणात वाढतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, आंबटपणा जातो, कोरडेपणा येतो. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर यातल्या कशालाच औषध लागत नाही. शाळेत पाळीविषयी आता निदान एखादा तास होतो. स्रावाबद्दल कोणी एक वाक्य बोलत नाही, आणि तेरा-चौदा वर्षांची मुलगी चड्डीवरचा डाग बघून महिनोन्‌महिने घाबरून असते.

'निरोगी' म्हणजे नेमकं काय, याचीही रेघ तितकी सरळ नाही. २०११ साली उत्तर अमेरिकेतल्या, कसलीही तक्रार नसलेल्या ३९६ स्त्रियांच्या योनीतले जिवाणू जनुकीय पद्धतीने ओळखले गेले. त्यांतल्या सुमारे चौथा हिस्सा स्त्रियांत लॅक्टोबॅसिलसचं राज्य नव्हतंच, तरी त्या ठणठणीत होत्या.

आता आजाराकडे. इथे मुख्य गुन्हेगार तीन. पहिली कँडिडा ही बुरशी: फाटलेल्या दुधासारखा चोथा आणि जीव नकोसा करणारी खाज. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर, गरोदरपणात आणि मधुमेहात ती माजते. म्हणून बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर मलमाच्या आधी रक्तातली साखर तपासायला हवी. दुसरा बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात आतला समतोल बिघडतो: राखणदार लॅक्टोबॅसिलस घटतात, गार्डनरेलासारखे जिवाणू बोकाळतात, पीएच ४.५ च्या वर जातो आणि पातळ, राखाडी स्रावाला मासळीसारखा वास येतो. तिसरा ट्रायकोमोनस, लैंगिक संबंधातून येणारा एकपेशीय जीव. पॅरिसच्या डोने यांनी तो १८३६ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पळताना पाहिला होता.

तिघांची औषधं एक नाहीत. बुरशीला मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक देऊन उपयोग नाही, व्हजायनोसिसला फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध देऊन नाही. ओळखायला लागतं काय? पीएचची एक पट्टी, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं आणि स्वस्त. ते न वापरता 'सगळ्यांवर चालेल' असं औषध लिहिणं याला आधुनिक वैद्यक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि जुनं वैद्यक? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापद, म्हणजे योनीचे विकार, सांगितले आहेत. त्यांतली कफाने बिघडलेली योनी बुळबुळीत, थंड, खाजरी आणि फारशी न दुखणारी असते. 'अचरणा' नावाचा दुसरा प्रकार तर थेट सांगतो की न धुतल्याने जंतू होतात आणि ते खाज आणतात. सूक्ष्मदर्शकाच्या कैक शतकं आधी कोणी तरी रुग्णांचं इतकं बारकाईने ऐकून घेत होतं. (हे 'जंतू' म्हणजे आजचे बॅक्टेरिया, असा उत्साही अर्थ लावू नये, त्या काळच्या माणसाने खाजेवरून बांधलेला तो अंदाज होता.) मला यातली लक्षणांची चिरफाड महत्त्वाची वाटते. पांढरं जाणं ही एकच गोष्ट नाही, तिचे प्रकार आहेत आणि प्रकारानुसार उपचार बदलतो, हे तिथे गृहीतच आहे. तीच संहिता पुढे ठेवून सरसकट सगळ्यांना एकच चूर्ण देणारा वैद्य चरकाशी तितकाच बेइमान, जितका काचपट्टी न बघणारा डॉक्टर आपल्या पाठ्यपुस्तकाशी.

औषधांचं काय? लोध्र, अशोक, जांभळाची बी ही सगळी तुरट कुळातली. त्यांत टॅनिन असतं, ते ऊतींना आकसवतं, स्राव कमी वाटतो. प्रयोगशाळेतल्या बशीत अशा कितीतरी वनस्पतींच्या अर्कांनी जंतूंची वाढ थांबते. पण बशीत जंतू मरणं आणि बाई बरी होणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर मोजणाऱ्या चांगल्या, मोठ्या चाचण्या फार थोड्या. शिवाय बाजारात अशोकाच्या सालीच्या नावाखाली पुष्कळदा शाळा-सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात त्या उंच, सरळसोट 'अशोकाची' साल येते. ते झाड वेगळं, कूळही वेगळं. सीतेचा अशोक तो नव्हे.

धुण्याच्या बाबतीत मी आजच्या स्त्रीरोगशास्त्राच्या बाजूने आहे. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा, आत काही सोडू नये. तुरटीचं पाणी, जंतुनाशक, सुगंधी 'इंटिमेट वॉश' यांनी राखणदारच वाहून जातात. आत धुणाऱ्या स्त्रियांत व्हजायनोसिस जास्त आढळतो, हे वेगवेगळ्या देशांत दिसलं आहे. वास येतो म्हणून धुवायचं, धुतलं म्हणून वास वाढतो, मग आणखी धुवायचं.

दह्याची गोष्ट मजेशीर आहे. 'आत दही लावा' हा घरगुती सल्ला ऐकून आंबटपणाचं विज्ञान माहीत असलेला माणूस चटकन मान डोलावेल. पण विरजणातले जिवाणू आणि योनीतले जिवाणू हे दूरचे भाऊबंद. तिथे नांदणारी उत्तम जात आहे लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस. अमेरिकेत २२८ स्त्रियांना आधी मेट्रोनिडॅझोल देऊन मग त्यांतल्या दोन तृतीयांश जणींत नेमकी हीच जात आत सोडली गेली, बाकीच्यांना जिवाणू नसलेलं लुटुपुटूचं औषध. २०२० मध्ये निकाल आला: बारा आठवड्यांत व्हजायनोसिस उलटण्याचं प्रमाण लुटुपुटूच्या गटात ४५ टक्के, जिवाणू मिळालेल्या गटात ३० टक्के. कल्पना आजीच्या वाटेवरचीच, फक्त जिवाणू बरोबर निवडला. दही आपलं भातावर घ्यावं.

एवढं सगळं जंतूंचं झालं. पण सुरुवातीचं ते वाक्य पुन्हा वाचा. त्यात खाज नाही, वास नाही. कंबर आहे, पिंढऱ्या आहेत, गळून गेलेले हातपाय आहेत. गोव्यात संशोधकांनी २४९४ स्त्रियांची पाहणी केली तेव्हा हेच कोडं समोर आलं. शंभरातल्या चौदा-पंधरा जणींनी स्रावाची तक्रार सांगितली. तपासणीत सापडलेल्या संसर्गाशी या तक्रारीचं नातं कमजोर निघालं, आणि नैराश्य, चिंता, अंगभर जाणवणारी दुखणी यांच्याशी घट्ट. स्त्रियांना कारण विचारलं तर सर्वांत पुढे होता ताण, मग अंगातली उष्णता, आणि त्यानंतर संसर्ग. म्हणजे डॉक्टर जंतू शोधत होते आणि बाई केव्हाची सांगत होती की मला घोर लागलाय.

याला 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावू नये. आपल्याकडे बाईला 'मी खचलेय' म्हणायला जागा नसते. 'अंगावरून जातं' म्हणायला निदान कुजबुजीपुरती असते. त्यात धातू झिजते, ताकद निघून जाते ही समजूत मिसळली की थकव्याला कारण सापडतं. स्रावातून ताकद जात नाही. ताकद जाते रक्त कमी असल्याने: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. तेव्हा हिमोग्लोबिन बघणं, घरात कोण कसं वागतं ते विचारणं, झोप लागते का ते विचारणं हा या तक्रारीच्या तपासणीचाच भाग आहे. 'समग्र उपचार' हा शब्द हल्ली तेल, चहा आणि महागड्या शिबिरांना चिकटलेला दिसतो. माझ्या मते त्याचा अर्थ इतकाच की बाईचा अख्खा दिवस विचारात घेणं.

तो न घेतल्यावर काय होतं ते बीडमध्ये दिसलं. ऊसतोडीला जाणारी बाई पहाटे फडात उतरते, मोळ्या डोक्यावरून वाहते, संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीतही सुटी नाही, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून ती दवाखान्यात गेली की काहींनी सांगितलं: पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती घेतली. १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांतल्या पुष्कळ चाळिशीच्या आतल्या. गंमत नव्हे, क्रौर्य असं की व्हजायनोसिस आणि बुरशी राहतात योनीत, गर्भाशयात नव्हे. पिशवी गेली तरी स्राव राहू शकतो. सोबत बीजकोश काढले असतील तर हाडं ठिसूळ व्हायला लवकर सुरुवात होते, आणि मोळी तर उद्याही उचलायचीच असते.

कर्करोगाची भीती खोटी नाही, तिच्यावरचा उपाय खोटा होता. संभोगानंतर रक्त जाणं, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणं, रक्तमिश्रित किंवा कुजका वास असलेला स्राव यांवर चूर्णही नको आणि गोळीही नको, आधी गर्भाशयाचं मुख डोळ्यांनी बघून घ्यायला हवं. लक्षणं नसतानाही तपासणीचा उपयोग किती, याचा जगभर गाजलेला पुरावा तर मराठवाड्यातलाच. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साथीने, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर अभ्यास झाला. २००९ मधला निष्कर्ष: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या शोधाने) या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बीडची हद्द तिथून लांब नाही.

ही सगळी धावपळ आजवर एकट्या बाईची धरली गेली. गोळ्या तिला, पथ्य तिला, धुवायचं तिने. व्हजायनोसिस उपचारानंतर वारंवार का उलटतो हे कोडं बरीच वर्षं होतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एका गटात फक्त बाईला औषध दिलं, दुसऱ्या गटात तिच्या जोडीदारालाही गोळ्या आणि वरून लावायचं मलम दिलं. २०२५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत पहिल्या गटातल्या ६३ टक्के स्त्रियांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात ३५ टक्के. परिणाम इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

नवरा एरवी बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेला असतो. त्यालाही आत बोलवायची वेळ आली आहे.