हौसेची जमीन, राज्याचं हरीण

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या खेड्यापाड्यांत शिकारीसाठी विकायला काढलेल्या जमिनींमध्ये ४० एकरांचा तुकडा वारंवार दिसतो. त्याला नुसतं 'फोर्टी' म्हणतात. १७८५ च्या अध्यादेशाने सरकारी जमीन ६४० एकरांच्या चौकटींत मोजायचं ठरलं आणि १८३२ पासून त्या चौकटीच्या चौथाईची चौथाई, म्हणजे ४० एकर, सुटी विकत मिळू लागली. गरीब शेतकऱ्याला परवडावं म्हणून ठरलेलं हे माप आज हौशी शिकाऱ्याच्या खरेदीचं माप झालं आहे. थोडं रान, थोडी पड, एखादा ओढा, दोन मचाणं. बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारपासून. धनुष्यबाणाचा हंगाम बराच लांब असतो, पण मालमत्ता कर, विमा, रस्ता, फाटक आणि झुडपं तोडणं बारा महिने चालू असतं. मग प्रश्न येतोच: एवढा पैसा आणि एवढे शनिवार-रविवार घालून ही जमीन परवडते का?

माझ्या मते या प्रश्नाची गाठ बाजारभावात नाही, कायद्यात आहे. जमीन तुमची असते, तिच्यावरचं हरीण तुमचं नसतं. हे असं का झालं, हे कळल्याशिवाय हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. १०६६ नंतर नॉर्मन राजांनी मोठमोठी रानं राजाच्या शिकारीसाठी राखली. त्या रानात हरीण मारणाऱ्या गावकऱ्याला जबर शिक्षा होत असे. १२१७ च्या वन-सनदेने जाच थोडा कमी झाला. पण १६७१ च्या कायद्याने नवी भिंत उभी केली: वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल (किंवा १५० पौंडांची दीर्घ पट्ट्याची), तरच शिकार करता येईल. छोट्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातला ससाही मारता येत नव्हता. ही अट १८३१ मध्ये गेली.

अमेरिकेत आलेल्या वसाहतवाल्यांनी ही आठवण सोबत आणली आणि नियम उलटा केला. पेनसिल्व्हेनियात विल्यम पेनच्या काळातच, १६८३ मध्ये, रहिवाशांना स्वतःच्या आणि कुंपण नसलेल्या इतर जमिनींवर शिकारीची मुभा मिळाली. व्हरमाँटच्या १७७७ च्या राज्यघटनेतही ते कलम आलं आणि आजही आहे. कुंपण नाही, पाटी नाही, तर रान सर्वांचं. अशा देशात शिकारीसाठी जमीन विकत घेण्याची गरजच कुणाला वाटली नसती.

ती गरज निर्माण केली एकोणिसाव्या शतकातल्या कत्तलीने. रेल्वे आणि बर्फाच्या पेट्या आल्या, तसं रानातलं मांस शहरांच्या बाजारात जाऊ लागलं आणि धंदेवाईक शिकाऱ्यांनी रानं रिकामी केली. आकाश झाकणारे प्रवासी पारवे संपले. शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. पांढऱ्या शेपटीची हरणं १९०० च्या सुमारास देशभरात जेमतेम तीन ते पाच लाख उरली होती. याच काळात दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांच्यातली ओढाताण अजून मिटलेली नाही.

पहिली कायद्याची. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनेटिकटच्या एका खटल्यात सांगितलं की वन्य प्राणी जनतेचे, आणि राज्य त्यांचं विश्वस्त. मालकीचा हा सिद्धांत १९७९ मध्ये त्याच न्यायालयाने मोडीत काढला, पण हंगाम, परवाने आणि संख्या ठरवण्याचा राज्यांचा अधिकार टिकला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा आंतरराज्य व्यापार बंद केला.

दुसरी गोष्ट पैशाची. शिकार दुर्मीळ झाली, तेव्हा श्रीमंतांनी ती विकत घेतली. न्यूयॉर्कच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत खासगी क्लबांनी हजारो एकर घेरले. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या ओसाड मळ्यांना भाव नव्हता. उत्तरेच्या उद्योगपतींनी जॉर्जियाच्या थॉमसव्हिलपासून फ्लोरिडाच्या टालाहासीपर्यंत ते घेऊन बॉबव्हाइट लाव्यांच्या शिकारीसाठी राखले. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून थोडं थांबतो. काही वर्षांनी तिथले लावे कमी होऊ लागले आणि १९२४ मध्ये हर्बर्ट स्टॉडर्ड या पक्षी-अभ्यासकाला अभ्यासासाठी नेमलं गेलं. त्या काळी सरकारी वनखातं रानातल्या प्रत्येक वणव्याला शत्रू मानत होतं. स्टॉडर्ड यांनी दाखवून दिलं की लांब सुयांच्या पाइनखालचं गवत ठरावीक काळाने जाळलं नाही तर झुडपं माजतात आणि लावे निघून जातात. स्थानिक लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले होते. एकेकाळी सुमारे नऊ कोटी एकरांवर पसरलेलं हे पाइनचं रान विसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे तीस लाख एकरांवर आलं. त्यातले काही उत्तम जुने पट्टे उरले ते या शिकारी मळ्यांवर. मालकांनी पैसा हौसेसाठी ओतला, आणि रान वाचलं.

आपल्याकडे कोल्हापूरच्या छत्रपतींचं दाजीपूरचं शिकारीचं रान असंच टिकलं आणि १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडे हौसेच्या शिकारीचा प्रश्नच मिटवला. अमेरिकेने वेगळी वाट धरली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरचा कर (आज ११ टक्के) वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे वळवला. परवान्यांचे पैसे, हा कर आणि दूरवर नेऊन सोडलेली हरणं यांमुळे कळप परत आले. आज पांढऱ्या शेपटीची हरणं सुमारे तीन कोटी आहेत.

हरणं परतली, पण त्यांना मारायला जायचं कुठे? टेक्ससमध्ये सुमारे ९५ टक्के जमीन खासगी, म्हणून तिथे शिकारीचा हक्क खंडाने देण्याचा व्यवहार फार आधी रुळला. १९९५ मध्ये तिथल्या मतदारांनी वन्यजीव-व्यवस्थापनालाही शेतीसारखी करसवलत मंजूर केली, आणि आधीच शेतीची सवलत असलेल्या जमिनीवर ती पीक किंवा गुरं न ठेवताही टिकवता येऊ लागली. १९८५ च्या शेती कायद्याने धूप होणारी शेतं दहा-पंधरा वर्षं पड ठेवणाऱ्यांना सरकारी भाडं मिळू लागलं. त्या गवतात फेझंट पक्षी आणि हरणं वाढली. मग कागद आणि लाकूड कंपन्यांनी आपली रानं विकायला काढली. एकट्या इंटरनॅशनल पेपरने २००६ मध्ये पन्नास लाखांहून जास्त एकर विकले. अशा रानांत वर्षानुवर्षं खंडाने शिकार करणाऱ्या गटांना आपला खंड पुढे चालेल का याची धास्ती लागली. स्वतःचा तुकडा हवा, ही भावना त्या धास्तीतूनही आली.

पण मालकी घेतली तरी जुनी गाठ सुटत नाही. आयोवा मोठ्या शिंगांच्या नरांसाठी नावाजलेलं राज्य. तिथे बाहेरच्या राज्यातल्या माणसाने शेकडो एकर घेतले, दरवर्षी कर भरला, तरी शिंगाळ नर मारण्याचा परवाना त्याला सोडतीतूनच मिळतो, आणि नंबर लागायला कित्येक वर्षं जातात. काही जमीनमालक याविरुद्ध कोर्टात गेले. २०१३ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना रहिवासी मानायला नकार दिला. जर्मनीत हे चित्र उलट आहे. तिथे शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. साधारण ७५ हेक्टर सलग असेल तर स्वतःचं क्षेत्र, नाहीतर शेजाऱ्यांसोबत सामायिक.

विस्कॉन्सिनच्या मालकांना २००२ मध्ये हे सगळ्यात कठोरपणे कळलं. मॅडिसनजवळच्या हरणांत क्षयकारी मेंदूरोग सापडला. त्यावर औषध नाही, आणि तो पसरवणारं प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं. राज्याने त्या पट्ट्यातली शक्य तेवढी हरणं मारून टाकायचं ठरवलं. ज्यांनी हरणांसाठी क्लोव्हरचा चारा पेरून, माद्या राखून कळप वाढवले होते, त्यांनाच बंदुका उचलायला सांगितलं. अनेकांनी आपल्या जमिनीवर कत्तल होऊ दिली नाही. मोहीम काही वर्षांत सोडून द्यावी लागली आणि रोग पसरत गेला. मला मालक आणि राज्य, दोघांचंही दुःख समजतं, पण हरीण राज्याचं असेल तर त्याचा आजारही मालकाच्या कुंपणावर थांबत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वर्षातले दहा दिवस शिकार एवढाच हेतू असेल, तर खंडाने घेतलेलं रान किंवा सार्वजनिक जंगल बरं. विकत घेतलेली जमीन तो खर्च हरणांतून कधीच फेडत नाही. तिची किंमत वसूल होते ती उरलेल्या साडेतीनशे दिवसांत, तिथे राबायची इच्छा असेल तर. याच विस्कॉन्सिनमध्ये १९३५ साली अल्डो लिओपोल्ड या वन्यजीव-शास्त्रज्ञाने नदीकाठचं एक नापीक, सोडून दिलेलं शेत घेतलं. शिकारीला मुक्कामाची जागा हाही एक हेतू होता. घर जळून गेलेलं, उभं होतं फक्त कोंबड्यांचं खुराडं. तेच साफ करून कुटुंब राहू लागलं. पहिल्या वर्षी लावलेली पाइनची बहुतेक रोपं दुष्काळात मेली. पुढच्या वसंतात त्यांनी परत लावली, आणि त्यानंतरच्याही.