खड्ड्यातली ऊर्जा जाते कुठे?

न्यू जर्सीत आमचे एक काका आहेत. नात्याने कोणी नाहीत, पण ओळखीतली सगळी मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणतात. निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांच्या गॅरेजात १९७२ सालची डॅटसन २४०झेड आहे: लांब नाक, दोन सीटा, सहा सिलिंडरचं इंजिन. ही गाडी जपानमध्ये १९६९ साली ‘फेअरलेडी झेड’ या नावाने आली. डॅटसन बनवणाऱ्या निस्सान कंपनीचे अमेरिकेतले प्रमुख युताका कातायामा यांना ते नाव स्पोर्ट्स कारसाठी फारच नाजूक वाटलं. त्यांनी अमेरिकेत ती २४०झेड म्हणून विकली, सुरुवातीला ३,५२६ डॉलरला. पन्नास वर्षांनी काकांची गाडी होडीसारखी डोलायला लागली होती. ब्रेक मारला की नाक जमिनीला टेकतंय की काय असं वाटायचं, आणि स्पीडब्रेकरवरून गेल्यावर पुढचे दहा-पंधरा मीटर ती आपली मान हलवतच राहायची.

“शॉकअप गेलेत,” मी म्हटलं. पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजात हेच निदान झालं असतं.

“गेलेत खरे. पण त्यांचं नाव चुकीचं आहे रे,” काका म्हणाले. शॉक अ‍ॅब्झॉर्बर, म्हणजे धक्का शोषणारा. पण धक्का मुळात स्प्रिंग घेते. चाक खड्ड्यातून वर उसळतं, स्प्रिंग दबते आणि दणक्याची ऊर्जा आपल्या पोटात साठवते. पंचाईत पुढे होते. स्प्रिंग उसनं घेतलेलं सगळं परत करते. गाडी वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. हा झुला थांबवण्याचं काम शॉकअपचं. इंग्रज मंडळी त्याला डँपर म्हणतात, आणि ते जास्त बरोबर आहे.

झुल्याचा ठेका किती, हे काढायला एक मजेशीर युक्ती आहे. गाडीचं वजन माहीत असायची गरज नाही. गाडी उभी असताना स्प्रिंग त्या वजनाने किती दबलीय, एवढंच पुरतं. समजा पंधरा सेंटिमीटर. आता पंधरा सेंटिमीटरच्या दोऱ्याला किल्ली बांधा आणि झुलवा. किल्ली ज्या ठेक्यात झुलेल, साधारण त्याच ठेक्यात गाडी डोलते, म्हणजे सेकंदाला सुमारे १.३ वेळा. दोन्हीकडे गणित एकच आहे. काकांनी खरंच किल्ली झुलवली, दुसऱ्या हाताने बॉनेटचा कोपरा दाबून सोडला, आणि दोघांचा ठेका जवळपास जुळला. धडधाकट शॉकअप असता तर गाडी एकदा वर येऊन जागेवर बसली असती. ही मात्र तीन-चार वेळा डोलली.

शॉकअप आतून कसा चालतो, ते समजायला रंगपंचमीची पिचकारी आठवा. दांडा हळू ढकलला तर पाणी मुकाट बाहेर येतं. जोरात ढकलला तर हात भरून येतो, कारण पाणी तेवढंच आणि भोकही तेवढंच, पण वेळ कमी. शॉकअपमध्ये दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तेल असतं आणि दट्ट्यालाच भोकं असतात. त्या भोकांवर पातळ पोलादी चकत्या बसवलेल्या असतात. दाब वाढला की त्या किंचित वाकतात आणि वाट मोठी करतात. दट्ट्या वर-खाली होताना तेल या चिंचोळ्या वाटांतून घुसळलं जातं, आणि स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा तेलाच्या उष्णतेत जाते. ब्रेकची चकती गाडीचा पुढे जाण्याचा वेग उष्णतेत बदलते, तसाच हा उभ्या हालचालीचा ब्रेक.

चकत्या आणि भोकं असण्यामागे आणखी एक शहाणपण आहे. तेल तापलं की पातळ होतं. ते लांब, बारीक नळीतून वाहत असतं तर गरम झाल्यावर शॉकअप पार ढिला पडला असता. पण छोट्या भोकातून जोरात उसळणाऱ्या प्रवाहाचा विरोध मुख्यतः तेलाच्या घनतेवर अवलंबून असतो, चिकटपणावर कमी. घनता तापमानाने फारशी बदलत नाही, त्यामुळे घाटात तापलेला शॉकअपही बरंचसं काम करत राहतो. दट्ट्या दोन्ही दिशांना सारखा विरोधही करत नाही. चाक वर उसळताना त्याला बऱ्यापैकी मोकळं सोडतात, नाहीतर दणका थेट आपल्या पाठीत येईल. स्प्रिंग उलगडताना मात्र लगाम जास्त कसून धरतात.

आता हिशेब. समजा स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला १८ न्यूटन जोर लागतो. खड्ड्यात ती नेहमीच्या जागेपेक्षा पाच सेंटिमीटर जास्त दबली, तर साधारण २२ ज्यूल साठले. सेकंदाला असा एक दणका धरला तर एका चाकाला २२ वॉट झाले, म्हणजे दोन एलईडी दिव्यांइतकी उष्णता. आत पाव लिटर तेल असेल तर वीसेक दणक्यांत ते एक अंशाने तापतं. खराब रस्त्यावर दहा मिनिटांत सहाशे दणके बसतात. उष्णता बाहेर पडलीच नाही तर तेल तीस अंशांनी वर जाईल. ती बाहेर पडते कशी, हा मुद्दा लक्षात ठेवा. काकांच्या गॅरेजात पुढे तोच महत्त्वाचा ठरला.

या गाडीला चारही चाकांना स्ट्रट आहेत. स्प्रिंग, शॉकअप आणि चाक धरून ठेवणारा खांब या तिन्ही गोष्टी एकाच उभ्या नळीच्या आत-बाहेर बसवण्याची कल्पना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची. जनरल मोटर्समध्ये ‘शेव्हरले कॅडेट’ नावाच्या छोट्या गाडीसाठी त्यांनी ती मांडली. ती गाडी कधी बाजारात आलीच नाही. १९४७ साली मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले, आणि १९५० साली लंडनच्या मोटार शोमध्ये फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्या स्ट्रट घेऊन उभ्या होत्या. सुटे भाग कमी आणि इंजिनला जागा जास्त, त्यामुळे पुढे छोट्या गाड्यांत हीच पद्धत रुळली. आपल्या मारुती ८००च्या पुढच्या चाकांनाही स्ट्रटच होते.

पण खांब होण्याची किंमत मोजावी लागते. साध्या शॉकअपच्या दांड्याला फक्त वर-खाली व्हायचं असतं. स्ट्रटच्या दांड्याला बाजूचा रेटाही सोसावा लागतो. वळणावर, ब्रेक मारताना चाक त्याला वाकवू पाहतं. म्हणून तो दांडा जाडजूड असतो आणि तो जिथून बाहेर येतो तिथलं बुश (दांड्याला आधार देणारी कडी) व तेल अडवणारं सील सगळ्यात आधी झिजतं. काकांच्या गाडीच्या नळीवर तेल आणि धुळीचा काळा लगदा जमला होता. सीलने कधीच हात टेकले होते.

हल्लीच्या गाड्यांत स्ट्रट गेला की अख्खा फेकून नवा बसवतात. २४०झेडमध्ये ते जमत नाही, कारण नळी आणि चाकाचा आस एकमेकांना कायमचे जोडलेले आहेत. कारखान्यातून आलेला स्ट्रट आतून उघडा असायचा. नळीचं तोंड बंद करणारा वरचा मोठा ग्लँड नट सोडा, दट्ट्या आणि आतली नळी काढा, धुवा, नवं तेल मोजून भरा. शिवणयंत्राला तेल घालावं तसा हा प्रकार. आता कोणी एवढी खटपट करत नाही. आतलं सगळं काढून टाकायचं आणि जागी सीलबंद कार्ट्रिज सोडायचं. कार्ट्रिज म्हणजे स्वतःचं तेल, दट्ट्या, झडपा असलेला पूर्ण शॉकअपच. जुनी नळी फक्त त्याची म्यान.

आम्ही गाडी स्टँडवर चढवली. जॅकच्या भरवशावर कधी खाली जाऊ नये. चाक, ब्रेकचा कॅलिपर, तळाचे दोन बोल्ट, वरचे तीन नट. स्ट्रट बाकावर आला. मी पाना घेऊन दांड्याच्या टोकावरच्या मधल्या नटाकडे वळलो.

“अरे, तो सोडू नकोस आत्ता!”

बरोबर होतं त्यांचं. स्प्रिंग त्या एका नटाने दाबून धरलेली असते. ती मोकळी करताना पंधरा सेंटिमीटर उलगडणार असेल, तर आपल्या १८ न्यूटनच्या हिशेबाने नटावर पावणेतीनशे किलो वजनाएवढा जोर आहे, आणि साठलेली ऊर्जा २०० ज्यूल. वीस किलोचं तांदळाचं पोतं मीटरभरावरून पडावं तेवढी. पोतं पडलं तर पाय मोडेल. पण इथे ही ऊर्जा स्प्रिंगवरच्या अर्धा किलोच्या लोखंडी टोपीला मिळते. निम्मी मिळाली तरी ती टोपी ताशी ७० किलोमीटरच्या वर वेगाने निघेल, आणि नट सोडणाऱ्याचं तोंड नेमकं तिच्यासमोर असतं. म्हणून स्प्रिंगला समोरासमोर स्क्रूने आवळायचे दोन हुक लावायचे, एकाला दोन आटे, दुसऱ्याला दोन आटे असं आलटून पालटून आवळायचं, आणि वरची टोपी हाताने सैल फिरायला लागली की मगच नटाला हात लावायचा. या कामाला अर्धा तास गेला. घाई करणारा मी एकटाच होतो.

ग्लँड नट मात्र हटेना. हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेल्या मिठाने पन्नास वर्षं त्याच्यावर काम केलं होतं. गंज सोडवणारं तेल, रात्रभर वाट, सकाळी लांब पाइप रेंच. तो सुटला तेव्हा जो किंचाळला, तो आवाज शेजाऱ्यांनीही ऐकला असणार. (मागच्या चाकांचं काम त्याहून वाईट. तिथे स्ट्रट तळाशी अडकवणाऱ्या लांब पिना गंजून अशा रुततात की कापूनच काढाव्या लागतात. आम्ही त्यांना न छेडता स्ट्रट खाली झुकवून निभावून नेलं.)

नळीतून निघालेलं तेल काळं, आणि करपलेल्या फोडणीसारखा वास.

नवं कार्ट्रिज खोक्यात आडवं पडून आलेलं असतं. आडवं पडल्यावर आतली हवा किंवा वायू नको त्या कप्प्यात सरकतो. म्हणून आधी ते उभं धरून दांडा चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करायचा. पहिल्या खेपेला मधे पोकळ जागा लागते, हात एकदम निसटतो. चौथ्या खेपेपर्यंत विरोध सलग होतो. दांडा हळू ओढला तर तो लोण्यातून यावा तसा येतो. हिसका दिला तर जागच्या जागी अडतो. शाळेत ही गोष्ट सूत्रात शिकलो होतो. हाताला कळायला इतकी वर्षं लागली.

मग काकांनी रिकाम्या नळीत थोडं इंजिन ऑइल ओतलं. मला वाटलं चुकले. कार्ट्रिज तर सीलबंद आहे, त्याला बाहेरून तेल कशाला?

इथे तो मघाचा हिशेब परत येतो. जुन्या स्ट्रटमध्ये तापलेलं तेल थेट नळीला लागून असायचं आणि नळीला वारा लागायचा. आता मधे कार्ट्रिजची भिंत आली आणि तिच्याबाहेर मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट. फटीत हवा राहिली तर ती गोधडीचं काम करते. तेलातून उष्णता हवेच्या साधारण पाचपट सहज वाहते. कार्ट्रिज आत बसल्यावर तेल वर चढून फट जवळजवळ भरेल, एवढंच ओतायचं. काठोकाठ नाही, कारण तापल्यावर ते फुगतं. नळी आतून गंजत नाही, हा वरचा फायदा.

शेवटी ग्लँड नट. तो कार्ट्रिजच्या डोक्यावर दाबून बसला पाहिजे. नळीच्या काठावर टेकला तर कार्ट्रिज आत मोकळं राहतं आणि प्रत्येक खड्ड्याला टकटक करतं. नट पूर्ण आवळल्यावर तो आणि नळीचा काठ यांच्यात कागदभर फट दिसली, तेव्हा काकांनी मान डोलावली.

संध्याकाळी गावाबाहेरच्या खराब रस्त्यावर वीस मिनिटं चक्कर मारली. गाडी खड्ड्यात जायची, एकदा उठायची, बसायची. घरी आल्यावर काकांनी गुडघ्यावर बसून चाकामागे हात घातला, मग मला खुणावलं. मी नळीला हात लावला. गाडी सावलीतून आली होती आणि बाहेर चांगलीच थंडी होती. नळी मात्र नुकत्याच रिकाम्या केलेल्या चहाच्या कपासारखी कोमट लागत होती.