फायब्रिनविलयन

रक्तवाहिनीला इजा झाल्यावर तयार झालेल्या गुठळीतील फायब्रिन या तंतुमय प्रथिनाचे जाळे तोडून गुठळी विरघळवण्याची शरीरातील प्रक्रिया. रक्तक्लथनाइतकीच (रक्त गोठण्याइतकीच) ती महत्त्वाची आहे.

आकस्मिक मृत्यूनंतर रक्त पातळ राहते, असे निरीक्षण जोव्हान्नी मोर्गान्यी व जॉन हंटर यांनी 18 व्या शतकात नोंदवले होते. असे रक्त मुळात गोठतच नाही, की गोठून पुन्हा विरघळते, यावर बराच काळ मतभेद होते. 1930 च्या दशकात शल्यचिकित्सक सर्गेई यूडिन यांनी मॉस्कोत मृतदेहांतील रक्त रुग्णांना देण्यासाठी वापरले; ते आधी गोठते व मग पुन्हा प्रवाही होते, असे त्यांना आढळले. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रक्रियेचे नामकरण सामान्यतः आल्बेर दास्त्र यांच्याकडे (1893) जाते, पण गुठळी आपोआप विरघळल्याच्या नोंदी त्याआधीच्या आहेत. टिलेट व गार्नर यांनी 1933 मध्ये स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंपासून मिळवलेल्या द्रवाने मानवी फायब्रिन विरघळवून दाखवले. त्यातील स्ट्रेप्टोकायनेज स्वतः फायब्रिन तोडत नाही, रक्तद्रवातील एका सुप्त घटकाला कार्यक्षम करते, हे 1940 च्या दशकात स्पष्ट झाले. प्लाझ्मिनोजेन हे त्या घटकाचे नाव 1945 पासून रूढ झाले.

प्लाझ्मिनोजेन मुख्यतः यकृतात तयार होते. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराच्या पेशी ऊतक प्लाझ्मिनोजेन सक्रियक (टीपीए) स्रवतात. मोकळ्या रक्तात टीपीएची क्रिया क्षीण असते. फायब्रिनवर टीपीए व प्लाझ्मिनोजेन शेजारी बसले की ती शेकडो पटींनी वाढते आणि प्लाझ्मिनोजेनपासून प्लाझ्मिन हे फायब्रिन तोडणारे एंझाइम तयार होते. म्हणजे आपल्या विघटनाची जागा फायब्रिनच ठरवते. प्लाझ्मिनने तंतू कापला की लायसिन या अमिनो अम्लाची नवी टोके उघडी पडतात, त्यांवर आणखी प्लाझ्मिनोजेन चिकटते व विघटनाचा वेग वाढतो. तेरावा क्लथनघटक फायब्रिनचे तंतू एकमेकांना सांधतो. असे सांधलेले फायब्रिन तुटल्यावर उरणारा डी-डायमर हा तुकडा रक्ततपासणीत मोजतात.

नियंत्रण तीन पातळ्यांवर चालते. पीएआय-1 (प्लाझ्मिनोजेन सक्रियक निरोधक-1) हे प्रथिन टीपीएला निष्प्रभ करते. त्याची पातळी पहाटे-सकाळी सर्वाधिक असते. 1976 च्या सुमारास तीन गटांनी स्वतंत्रपणे वर्णिलेले अल्फा-2-अँटिप्लाझ्मिन मोकळ्या प्लाझ्मिनला सेकंदाच्या अंशातच निकामी करते. फायब्रिनला चिकटलेले प्लाझ्मिन मात्र बरेच सुरक्षित राहते. तिसरा निरोधक टीएएफआय (थ्रोम्बिनने सक्रिय होणारा फायब्रिनविलयन निरोधक). थ्रोम्बिन या क्लथनातील एंझाइमने कार्यक्षम झालेले हे एंझाइम लायसिनची टोके छाटते व गुठळीला काही काळ अभय देते. ते वेगवेगळ्या गटांनी शोधल्यामुळे जुन्या लेखनात त्याला कार्बोक्सिपेप्टिडेज यू, आर किंवा बी अशीही नावे आढळतात. क्लथनाच्या संपर्कघटकांचा (परक्या पृष्ठभागाच्या स्पर्शाने कार्यक्षम होणाऱ्या प्रथिनांचा) जिवंत शरीरातील विलयनात किती वाटा आहे, हे विवाद्य आहे.

मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळीवर टीपीए (अल्टेप्लेज) साधारणपणे साडेचार तासांच्या आत देतात. ट्रानेक्झामिक अम्ल हे औषध उलट प्लाझ्मिनोजेनवरील लायसिन-बंधाच्या जागा अडवून रक्तस्राव आवरते.

अँटिप्लाझ्मिनच्या जन्मजात अभावात रक्तस्राव होतो. प्लाझ्मिनोजेनच्या तीव्र अभावात मात्र शिरांमधील गुठळ्यांपेक्षा डोळ्यांच्या व इतर श्लेष्मल पटलांवर फायब्रिनचे कठीण थर साचणे हे मुख्य लक्षण दिसते. त्यावरून रक्तवाहिन्यांबाहेरील फायब्रिन हटवण्यात प्लाझ्मिनचा वाटा मोठा असावा, असे मानले जाते.