निर्णय बिल्डरचा, बिल सोसायटीचे : इमारतींमधील ऊर्जाबचतीची पार्श्वभूमी

इमारत पुढे किती वीज खाणार, हे बरेचसे तिच्या नकाशावरच ठरते. काच किती, गच्ची कशी, पंप कोणता, एसी किती टनांचा, हे बिल्डर आणि त्याचे सल्लागार ठरवतात. ताबा दिल्यावर बिल मात्र भाडेकरू किंवा सोसायटी वर्षानुवर्षे भरत राहते. स्वस्त यंत्र घेऊन वाचलेला पैसा एकाचा आणि त्यापायी जळणारे जास्तीचे युनिट दुसऱ्याचे. इमारतींसाठी भारतात आलेले कायदे आणि योजना हाच तिढा सोडवायला निघाल्या होत्या. नव्या बांधकामांपुरता तो थोडाफार सुटला, उभ्या इमारतींचा बराचसा तसाच आहे.

1973 च्या तेलसंकटानंतर 1978 मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन झाली, पण तिचा भर तेल आणि इंधनाच्या बचतीवर होता. बहुतेक कार्यालये तेव्हा पंख्यांवर आणि उघड्या खिडक्यांवर चालत. 1991 नंतर आयटी पार्क, कॉल सेंटर आणि मॉल आले. त्यांच्याबरोबर न उघडणाऱ्या काचांच्या भिंती आल्या आणि दिवसभर चालणारे एसीही. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 मध्ये संमत झाला. 1 मार्च 2002 पासून तो अमलात आला आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, सुरू झाली. सुरुवातीच्या ऊर्जा लेखापरीक्षणांत, म्हणजे वीज कुठे आणि किती जाते याच्या तपासण्यांत, राष्ट्रपती भवन, पंतप्रधान कार्यालय आणि एम्स यांचा समावेश होता. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी यंत्रणा म्हणजे महाऊर्जा, ही राज्य सरकारची ऊर्जा विकास संस्था.

मे 2007 मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता (ईसीबीसी) आली. तिच्यातल्या ठरावीक तरतुदी जशाच्या तशा पाळायच्या मार्गात काचेचे प्रमाण बाह्य भिंतींच्या 60 टक्क्यांपर्यंत चालत होते. 2017 च्या आवृत्तीत ते 40 टक्क्यांवर आणले गेले. हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण आपल्या उन्हात पश्चिमेची काच म्हणजे दुपारभर एसीवर टाकलेला बोजा, आणि तो नंतर कोणत्याही यंत्राने पुरता उतरत नाही. अडचण अंमलबजावणीत होती. बांधकाम परवानगी महापालिका देते, म्हणून राज्याने संहिता अधिसूचित केल्याशिवाय आणि ती विकास नियंत्रण नियमावलीत उतरल्याशिवाय नकाशा तपासणाऱ्याच्या हाती काहीच नसते. शिवाय संहिता मुख्यतः नव्या बांधकामांची. आधीच उभ्या असलेल्या इमारतींना ती जवळपास लागूच नव्हती.

त्यांच्यासाठी 2009 मध्ये बीईईने कार्यालयांना तारांकन देणारी ऐच्छिक योजना आणली. वर्षभराचे एकूण युनिट भागिले बांधीव क्षेत्र, हा तिचा निर्देशांक. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत, निम्म्याहून जास्त भाग वातानुकूलित असेल तर चौरस मीटरमागे वर्षाला 200 ते 175 युनिटला एक तारा आणि 100 च्या खाली पाच तारे, असे मूळ टप्पे होते. भागाकार सोपा असला तरी आकडे हमखास चुकतात. तळघरातले पार्किंग क्षेत्रात धरले की निर्देशांक उगाच चांगला दिसतो. जनरेटरचे युनिट धरायचे राहून जातात. भाडेकरूंचे मीटर वेगळे असल्याने इमारतीचा पूर्ण वापर मालकाला कधी कळतच नाही. चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारे यंत्र), पंप, लिफ्ट आणि मजले यांना वेगवेगळे उपमीटर नसतील तर लेखापरीक्षणाचा अहवाल अंदाजावर उभा राहतो.

पैशांची अडचण सोडवायला ऊर्जा सेवा कंपनी, म्हणजे एस्को, ही पद्धत पुढे आली. कंपनी खर्च करते आणि बचतीतून वसूल करते. 2009 मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून ईईएसएल स्थापन केली तीही याच धर्तीवर. अशा करारात वाद होतो तो ‘आधीचा वापर किती’ यावरून. करारानंतर दोन मजले नव्याने भाड्याने गेले किंवा उन्हाळा कडक गेला, तर बिल वाढते आणि मालक म्हणतो बचत कुठे आहे? म्हणून किमान बारा महिन्यांची बिले, त्या काळातली वापरातली जागा आणि कामाचे तास करारातच लिहून घ्यावेत. बचत रुपयांत न मोजता युनिटमध्ये मोजावी, कारण दर बदलत राहतात.

घरांची पाळी फार उशिरा आली. डिसेंबर 2018 मध्ये इको-निवास संहिता निघाली. भिंती आणि खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेला तिने चौरस मीटरमागे 15 वॅटची मर्यादा घातली. डिसेंबर 2022 च्या कायदादुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणले. जुन्या सोसायट्यांना मात्र आपले आपणच पाहावे लागते, आणि तिथे पहिले पाहण्यासारखे यंत्र म्हणजे पाण्याचा पंप.

सात मजली सोसायटीत रोज 1 लाख लिटर पाणी 30 मीटर उंच चढवायला निव्वळ 8.2 युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून 50 टक्के कार्यक्षम असतील तर रोज सुमारे 16 युनिट, 25 टक्के असतील तर 33. म्हणजे वर्षाला 6,000 युनिटांचा फरक. आपल्या ग्रीडवर युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर चार टनांहून जास्त. कार्यक्षमता एवढी घसरते, कारण बसवताना ‘कमी पडायला नको’ म्हणून 50 मीटर हेडचा, म्हणजे 50 मीटर उंच पाणी चढवण्यासाठी बनलेला पंप घेतलेला असतो. तो 30 मीटरवर चालवला की अ‍ॅम्पिअर वाढतात, मग प्लंबर व्हॉल्व्ह अर्धा बंद करतो आणि वीज व्हॉल्व्हमध्ये जिरते. तपासणी सोसायटीलाही जमते. वरच्या टाकीचे आउटलेट बंद करून अर्धा तास पंप चालवायचा, पाणी किती चढले ते पट्टीने मोजून लिटर काढायचे आणि पंपाच्या मीटरवरचे युनिट लिहायचे. तीस मीटर चढाला 1,000 लिटरमागे 0.2 युनिटच्या वर आकडा गेला तर इम्पेलर (पंपातले फिरणारे चक्र), फूट व्हॉल्व्ह (खालच्या टाकीतल्या पाइपच्या टोकाची झडप) आणि पंपाची निवड, तिन्ही तपासावीत.

गच्चीचे काम त्यामानाने स्वस्तातले. पांढरा चायना मोझॅक ऊन परतवतो, पण पावसाळ्यात शेवाळ धरून काळा पडतो. मार्चच्या आधी घासून धुतला नाही तर वरच्या मजल्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

सोलर या सगळ्यानंतर घ्यावे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. पॅनेलची क्षमता मागच्या बारा महिन्यांच्या सामायिक बिलावरून काढतात. त्या बिलात जुन्या पंपाचे जास्तीचे 6,000 युनिट असतील तर 4 ते साडेचार किलोवॅटची पॅनेल केवळ ती उधळपट्टी भागवण्यासाठी विकत घेतली जातात. म्हणून आधी पंप, जिन्यातले दिवे आणि पार्किंगमधले सेन्सर, मग दोन-तीन महिन्यांची नवी बिले, आणि त्यानंतर विक्रेत्याकडून दरपत्रक.