फुलं पांढरी पडली तिथून छोट्या आरएनएचा शोध लागला, त्याची पार्श्वभूमी

आपल्या सोलापुरात रब्बी ज्वारी पेरली की पुढं पावसाचा भरवसा नाही, काळ्या रानात धरलेल्या ओलीवरच कणीस भरायचं. ओल कमी पडायला लागली की ताटाच्या आत कुठला जीन चालू राहतो आणि कुठला बंद होतो, हे ठरवण्यात छोट्या आरएनएचा मोठा हात असतो. आरएनए म्हणजे जीनवरून उतरवून घेतलेला, रासायनिक अक्षरांचा धागा. हे जेमतेम २१ ते २४ अक्षरांचे तुकडे, पण ते सापडायला कितीतरी वर्षं गेली.

खरं तर खूण १९२८ लाच दिसली होती. अमेरिकेत विंगार्ड नावाच्या शास्त्रज्ञानं बघितलं की तंबाखूवर रिंगस्पॉट व्हायरस आला, खालची पानं खराब झाली, पण वर नवीन आलेली पानं एकदम स्वच्छ, आणि त्यांना परत तोच रोग लावला तरी लागेना. का, ते कुणाला सांगता आलं नाही.

मग १९९०. हा प्रसंग मला सगळ्यात जास्त आवडतो. जॉर्गेन्सन आणि नॅपोली यांच्या टीमला पिटुनियाच्या फुलाचा जांभळा रंग अजून गडद करायचा होता, म्हणून त्यांनी रंग बनवणाऱ्या जीनची एक जादा कॉपी झाडात घातली, आणि झालं उलटंच, ४२ टक्के झाडांना पांढरी नाहीतर पांढरे पट्टे असलेली फुलं आली! म्हणजे बाहेरून घातलेला जीन तर गप्प झालाच, वर झाडाचा स्वतःचा जीनही गप्प झाला. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका गटालाही असंच दिसलं. याला नाव दिलं को-सप्रेशन, पण कारण हाती लागलं नव्हतं.

१९९८ ला फायर आणि मेलो यांनी एका बारक्या जंतात दाखवलं की दुहेरी धाग्याचा आरएनए जीन बंद करतो, वॉटरहाऊसच्या गटानं त्याच वर्षी झाडातही तेच दाखवलं, आणि १९९९ ला इंग्लंडमध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम यांना गप्प झालेल्या जीनशी जुळणारे ते छोटे तुकडे झाडातच प्रत्यक्ष सापडले. २००६ चं नोबेल मात्र फक्त फायर-मेलोंना मिळालं, आणि झाडांवर काम करणाऱ्यांचं नाव त्यात असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

२००२ पासून झाडांचे स्वतःचे मायक्रोआरएनए, म्हणजे झाड आपल्याच जीनवरून बनवतं ते छोटे आरएनए, मिळायला लागले. काम असं चालतं, डायसरसारखं एन्झाइम लांब आरएनएचे तुकडे पाडतं, आर्गोनॉट नावाचं प्रोटीन त्यातला एक तुकडा धरतं, आणि त्याच्याशी अक्षरं जुळणारा निरोप्या आरएनए (प्रोटीन बनवायचा जीनचा निरोप नेणारा) दिसला की कापून टाकतं, मग प्रोटीन बनायचंच थांबतं. झाड कोवळं असताना मायक्रोआरएनए १५६ भरपूर असतो, वय वाढेल तसा तो उतरतो आणि फुलावर यायची वाट मोकळी होते. तंबाखूची ती स्वच्छ पानंही याच यंत्रणेमुळं, व्हायरसचाच आरएनए कापला जात होता.

२००९ ला ज्वारीचा पूर्ण जीनोम, म्हणजे तिच्या सगळ्या डीएनएची अक्षरं, छापून आला, त्यात लिहिलंय की काही जीन आणि मायक्रोआरएनए यांच्या वाढलेल्या कॉपी ज्वारीच्या दुष्काळ सोसण्यामागं असू शकतात. भातात पाणी तुटलं की वाढणारा १६९जी मायक्रोआरएनए, त्याच्याशी मिळतेजुळते ज्वारीत ५ निघाले. आपल्या मोहोळला निवडलेल्या मालदांडी ३५-१ या ज्वारीच्या वाणात ओल संपत आली की हे ५ काय करतात, ते कुणीतरी इथल्याच रानात बसून मोजावं असं फार वाटतं.